आधी हालचाल, मग आकार

यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेत ‘थिअरी ऑफ मशीन्स’ नावाचा विषय असतो आणि त्यात कॅमचा प्रश्न ठरलेला असतो. आधारवर्तुळाची त्रिज्या इतकी, उचल इतकी, फॉलोअर इतक्या अंशांत चढतो, इतके अंश थांबतो, इतक्या अंशांत उतरतो. विस्थापन आलेख काढा आणि त्यावरून कॅमचं प्रोफाइल काढा. भंडारा जिल्ह्यातली मुलंही हा प्रश्न राज्यातल्या इतर मुलांसारखाच सोडवतात. शीट लावायचं, ड्राफ्टर, कंपास, फ्रेंच कर्व्ह काढायचे आणि तासाभरात एक लांबट बंद आकार कागदावर उतरवायचा. गुण मिळतात. पण हा कॅम कुठल्या यंत्रात बसणार, त्यावर काय टेकणार, तो मिनिटाला किती फेरे घेणार, यातलं काहीच प्रश्नात नसतं. त्यामुळे बहुतेकांना कॅम म्हणजे भूमितीचा एक किचकट खेळ वाटतो आणि परीक्षा संपली की तो डोक्यातून जातो.

या प्रकरणात आपण कॅमला एक पत्ता देऊ, आणि भंडाऱ्यात त्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. हा धानाचा आणि कोशाच्या कापडाचा जिल्हा. धान कांडायचं आणि कापड विणायचं, या दोन्ही कामांत काहीतरी ठरावीक लयीत वर-खाली व्हावं लागतं. मोटर असो की इंजिन, त्याला एकच गोष्ट येते, ती म्हणजे गोल फिरणं. त्या एकसुरी फिरण्यातून ‘चढ, थांब, उतर, थांब’ अशी लय काढून देणारा तुकडा म्हणजे कॅम. त्याच्या कडेला टेकून जो भाग हलतो तो फॉलोअर. कल्पना जुनी आहे. अल-जझारीनं १२०६ साली लिहून पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात कॅम बसवलेले शाफ्ट आहेत, आणि त्याच्याही कित्येक शतकं आधी चीनमध्ये पाणचक्कीच्या दांड्यावरचे खुंट धान कांडणाऱ्या हातोड्यांना एकामागून एक उचलत होते.

तो चिनी हातोडा पूर्व विदर्भातल्या जुन्या माणसांना लगेच ओळखू येईल. ती आपली ढेकीच. लांब लाकडी दांडा, मधे टेकू, एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकाला पाय. पायानं दाबलं की मुसळ वर, पाय काढला की मुसळ उखळातल्या धानावर. पायाच्या जागी फिरणाऱ्या शाफ्टवरचा एक दात बसवला की ढेकीचा कॅम झाला. आता त्याचा विस्थापन आलेख काढा. आडव्या अक्षावर शाफ्टचे अंश, उभ्या अक्षावर मुसळाची उंची. दात मुसळाला हळूहळू चढवत नेतो, म्हणून तिरकी चढती रेघ. दात निसटतो आणि मुसळ पडतं, म्हणून सरळ उभी उतरती रेघ. पुस्तकात हा आलेख असाच असतो.

ती उभी रेघ मात्र खोटी आहे. उभी रेघ म्हणजे शून्य वेळात खाली येणं, आणि मुसळाला पडायला वेळ लागतो. उचल १५ सेंटीमीटर धरा. तेवढ्या उंचीवरून मोकळं पडणारी वस्तू जमिनीला टेकायला ०.१७५ सेकंद घेते. शाफ्ट मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात तो ६३ अंश फिरून जातो. म्हणजे खरी रेघ ६३ अंश रुंदीची, वाकत खाली येणारी आहे. एका शाफ्टवर सहा दात बसवून मिनिटाला सहापट काम काढू, असा हिशेब कुणी केला, तर ६० अंशांवर पुढचा दात येऊन पडतं मुसळ हवेतच अडवेल. धान तसंच राहील आणि दात तुटेल. हे सगळं आलेखात दिसतं. दाताच्या आकाराकडे नुसतं बघून दिसत नाही.

कॅम शिकताना हीच गोष्ट आधी पक्की करायला हवी. आकार आधी सुचतो आणि मग तो काय हालचाल देतो ते पाहायचं, असा क्रम नसतो. आधी हालचाल ठरवायची, ती वेळेच्या पट्टीवर मांडायची आणि मग ती पट्टी वर्तुळाभोवती गुंडाळायची. उरेल तो कॅम. विस्थापन आलेख म्हणजे ती न गुंडाळलेली पट्टी.

आता मुख्य उदाहरणाकडे, म्हणजे मागाकडे वळू.

मोहाडी, आंधळगाव, पवनी ही या जिल्ह्यातली विणकरांची जुनी गावं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीपासून कोशाचं रेशीम मिळतं, आणि त्याची करवती काठाची साडी ही इथली ओळख. करवत काठी या नावानं तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. ताण्याचे धागे दोन हील्डमध्ये, म्हणजे ते वर-खाली करणाऱ्या चौकटींमध्ये, ओवलेले असतात, एक आड एक. पायाखाली दोन पावड्या. एक दाबली की धाग्यांचा एक थर खाली, दुसरा वर, आणि मधल्या फटीतून धोटा पलीकडे जातो. मग दुसरी पावडी, थरांची अदलाबदल, आणि धोटा परत.

या विणकराच्या पायाचा आलेख काढला तर त्यात चढ, थांबा, उतार, थांबा हे चारही भाग सापडतात. त्यातला थांबा महत्त्वाचा. फट उघडली आणि धोटा पलीकडे पोचेपर्यंत तिनं उघडंच राहायला हवं. करवती काठात हा थांबा आणखी लांबतो, कारण एका ओळीला तीन धोटे लागतात: एक अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. अंगाचा धागा आणि काठाचा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवायचे, तेव्हा कुठे करवतीचे दाते सरळ उठतात. तेवढा वेळ पाय पावडीवर दाबून धरलेला असतो. धागा गुंतला तर थोडा जास्त. या थांब्याला आकडा नाही. तो विणकर ठरवतो.

यंत्रमागात तो आकड्यानंच ठरवावा लागतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या साध्या यंत्रमागाच्या खालच्या बाजूला एक शाफ्ट असतो, त्याला बॉटम शाफ्ट म्हणतात. वरच्या क्रँक शाफ्टचे दोन फेरे झाले की त्याचा एक होतो. त्याच्यावर हील्ड हलवणारे दोन कॅम बसवलेले असतात. मागाच्या भाषेत त्यांना टॅपेट म्हणतात. आडवा एक धागा टाकणं म्हणजे एक पिक. साध्या विणीत बॉटम शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन पिक होतात, म्हणजे एका पिकच्या वाट्याला १८० अंश. त्यातला एक तृतीयांश फट उघडी ठेवण्याचा आणि दोन तृतीयांश अदलाबदलीचा, ही वस्त्र अभियांत्रिकीच्या पुस्तकांतली नेहमीची वाटणी. त्यावरून टॅपेटचं वेळापत्रक निघतं: १२० अंश चढ, ६० अंश थांबा, १२० अंश उतार, ६० अंश थांबा. दुसरा टॅपेट हाच, फक्त शाफ्टवर १८० अंश वळवून बसवलेला.

माग मिनिटाला १६० पिकनं चालतो असं धरू. बॉटम शाफ्टचे ८० फेरे, एका फेऱ्याला पाऊण सेकंद. ६० अंशांचा थांबा म्हणजे एक अष्टमांश सेकंद. यंत्रमागाचा एक धोटा तेवढ्यात पलीकडे जातो. तीन धोटे हातानं सोडून धागे एकमेकांत अडकवणं तेवढ्यात होत नाही. करवती काठ आजही हातमागावर का आहे, याची परंपरा आणि कौशल्य ही कारणं सगळे सांगतात, आणि ती खरीही आहेत. पण त्यात एक अष्टमांश सेकंदाचा हिशेबही आहे.

आता शीट लावू. टॅपेटची मापं अशी घेऊ: शाफ्टच्या केंद्रापासून टॅपेटच्या जवळच्या कडेचं अंतर ५० मिमी, उचल १०० मिमी, त्याच्यावर टेकणाऱ्या रोलरचा व्यास ५० मिमी. दोन टोकांमधली हालचाल सरल आवर्त गतीची, म्हणजे लंबकासारखी: सुरुवातीला संथ, मधे वेगवान, शेवटी पुन्हा संथ. ही निवड का, ते पुढे येईलच.

आडव्या अक्षावर ३६० अंश. त्याची लांबी कितीही घ्या. १८० मिमी घेतली तर एका मिलिमीटरला दोन अंश, हिशेब सोपा. उभ्या अक्षावर मात्र मोकळीक नाही. तिथे १०० मिमी उचल १०० मिमीचीच काढायची, कारण याच उंची पुढे डिव्हायडरनं उचलून दुसऱ्या आकृतीत ठेवायच्या आहेत. शीटवर जागा नाही म्हणून उभी पट्टी अर्धी करणारे पुढे एखाद्या बिंदूला दुप्पट करायला विसरतात आणि कॅमला तिथे खड्डा पडतो.

चढाचे १२० अंश सहा भागांत वाटा, वीस-वीस अंशांचे. डाव्या बाजूला उभ्या अक्षावर १०० मिमी व्यासाचं अर्धवर्तुळ काढा आणि त्याचेही सहा भाग करा, तीस-तीस अंशांचे. अर्धवर्तुळावरच्या प्रत्येक बिंदूपासून आडवी रेघ, त्याच क्रमांकाच्या उभ्या रेघेपर्यंत. जिथे छेदतील तिथे बिंदू. हातानं नीट काढलंत तर उंची अशा येतील: ६.७, २५, ५०, ७५, ९३.३ आणि १०० मिमी. पहिल्या वीस अंशांत जेमतेम सात मिलिमीटर, आणि तिसऱ्या वीस अंशांत एकदम पंचवीस. बिंदू फ्रेंच कर्व्हनं जोडले की चढाची रेघ तयार. मग ६० अंशांची आडवी सपाट रेघ, मग चढाचीच आरशातली प्रतिमा म्हणून उतार, मग पुन्हा सपाट रेघ शून्यावर.

दुसऱ्या टॅपेटचा आलेखही याच कागदावर तुटक रेघेनं काढावा. परीक्षेत कुणी सांगत नाही, पण माग समजतो तो तिथे. एक हील्ड ज्या क्षणी २५ मिमीवर असतं, त्या क्षणी दुसरं ७५ वर असतं. एक ९३.३ वर, तर दुसरं ६.७ वर. बेरीज सतत १००. दोन्ही हील्ड वरच्या बाजूला पट्ट्यांनी एकाच रोलरला बांधलेली असतात. एक खाली ओढलं गेलं की दुसरं तेवढंच वर जातं. बेरीज कुठे १०० पेक्षा कमी-जास्त झाली, तर पट्टी कधी सैल पडेल, कधी ताणली जाईल. प्रत्यक्षात मागचं हील्ड कापडापासून थोडं लांब असतं म्हणून त्याला उचल थोडी जास्त द्यावी लागते, आणि तो टॅपेट किंचित मोठा असतो. पण तत्त्व हेच.

आता गुंडाळायची वेळ. खऱ्या यंत्रात कॅम फिरतो आणि फॉलोअर जागेवर वर-खाली होतो. कागदावर हे उलटं करायचं: कॅम स्थिर ठेवायचा आणि फॉलोअरला त्याच्याभोवती फिरवायचं, कॅमच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनं. कॅम घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल, तर बिंदूंचे क्रमांक उलट्या दिशेनं टाकायचे. विद्यार्थ्यांच्या निम्म्या चुका इथे होतात. गंमत अशी की आपल्या टॅपेटमध्ये ही चूक केली तरी पकडली जाणार नाही. चढ आणि उतार सारखे, दोन्ही थांबे सारखे, त्यामुळे या आकाराची आरशातली प्रतिमा तो स्वतःच आहे. त्याच शाफ्टवर धोट्याला ठोसा देणारा जो पिकिंग टॅपेट असतो, त्याच्या बाबतीत अशी माफी नाही. तो उलटा काढला तर धोटा सुटणारच नाही.

शाफ्टचं केंद्र घ्या. रोलर सर्वांत खाली असताना त्याचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून ५० अधिक २५, म्हणजे ७५ मिमीवर असतं. त्या त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि वीस-वीस अंशांवर किरण ओढा. आलेखातली प्रत्येक उंची डिव्हायडरमध्ये घ्यायची आणि त्या किरणावर वर्तुळाच्या बाहेर ठेवायची. केंद्रापासूनची अंतरं होतील ७५, ८१.७, १००, १२५, १५०, १६८.३ आणि १७५ मिमी. पुढचे ६० अंश १७५ त्रिज्येचा कंस. मग तशाच पायऱ्यांनी खाली, आणि शेवटचे ६० अंश ७५ त्रिज्येचा कंस. बिंदू जोडले की रोलरच्या केंद्राचा मार्ग मिळतो. हा अजून कॅम नाही.

यापुढची पायरी नीट समजून घ्यावी, कारण शॉर्टकट इथेच मारला जातो. मार्गावरच्या प्रत्येक बिंदूभोवती २५ मिमी त्रिज्येची रोलरची वर्तुळं काढायची आणि त्या सगळ्यांना आतून स्पर्श करत जाणारा वक्र ओढायचा. तो कॅम. अनेकजण वर्तुळं टाळतात आणि प्रत्येक किरणावर सरळ २५ मिमी वजा करतात. थांब्याच्या भागात उत्तर बरोबर येतं: ५० आणि १५० त्रिज्येचे कंस. चढावर चुकतं. कारण चढावर रोलर कॅमला किरणाच्या रेघेवर टेकत नाही, बाजूला टेकतो. आपल्या टॅपेटमध्ये चाळीस ते साठ अंशांच्या मधल्या पट्ट्यात मार्गाचा तिरपेपणा ३३ अंशांपर्यंत जातो, आणि त्या ठिकाणी टेकण्याचा बिंदू किरणापासून जवळजवळ १४ मिमी सरकलेला असतो. २५ मिमी त्रिज्येच्या रोलरमध्ये १४ मिमी सरकणं डोळ्यांनाही दिसतं. शॉर्टकटनं कापलेला कॅम मागावर बसवला तर हील्ड लिहून दिलेल्या वेळी उचललंच जाणार नाही.

तो ३३ अंशांचा कोन म्हणजे दाबकोन. फॉलोअर एखाद्या सरळ खाचेत सरकत असेल तर हा कोन ३० अंशांच्या आत ठेवावा, असा संकेत आहे. त्यापुढे कॅम फॉलोअरला खाचेच्या भिंतीवर फारच दाबू लागतो आणि खाच झिजते, कधी फॉलोअर अडकतोही. मागातला रोलर खाचेत नसतो, एका टोकाला बिजागरी असलेल्या दांड्यावर असतो, म्हणून तिथे थोडं जास्त चालून जातं. खाच असती तर काय केलं असतं? उचल तीच, अंश तेच, फक्त आतलं वर्तुळ ७५ ऐवजी १०० मिमीचं घेतलं की कोन २८ अंशांवर येतो. कॅम मोठा, चढ सौम्य. यंत्रात जागा असेल तर हा सर्वांत स्वस्त उपाय.

आता टाळून ठेवलेला प्रश्न. सरल आवर्त गतीच का? चढ १२० अंशांत व्हायचा आहे, तर सरळ तिरकी रेघ का नको?

सरळ रेघ म्हणजे एकसारखा वेग, आणि एकसारखा वेग ऐकायला चांगला वाटतो. अडचण टोकांना आहे. थांब्याच्या शेवटी वेग शून्य असतो आणि पुढच्याच क्षणी तो पूर्ण हवा असतो. असं व्हायला त्वरण अनंत लागतं. प्रत्यक्षात लोखंड आदळतं. एसटीचा ड्रायव्हर गाडी उभी असताना एकदम क्लच सोडतो तेव्हा उभ्या प्रवाशांचं जे होतं, ते रोलरचं होतं.

दुसरा पर्याय, अर्ध्या वाटेपर्यंत एकसारखं त्वरण आणि पुढे तेवढंच मंदन. याची उचल काढायची पद्धत देखणी आहे. सहा भागांत उंची १, ३, ५, ५, ३, १ या प्रमाणात वाढते, कारण गॅलिलिओनं पडणाऱ्या वस्तूंसाठी दाखवलेला विषम संख्यांचा नियम इथे जसाच्या तसा लागतो. आपल्या १०० मिमीसाठी उंची ५.६, २२.२, ५०, ७७.८, ९४.४, १००. ठरलेल्या वेळेत ठरलेली उचल द्यायची असेल, तर सर्वांत कमी कमाल त्वरणात काम भागवणारा हा वक्र आहे: आपल्या मागाला प्रति सेकंद प्रति सेकंद ६.४ मीटर. पण बरोबर मध्यावर ते अधिक ६.४ वरून उणे ६.४ वर उडी मारतं, आणि तिथे खडखड होते.

सरल आवर्त गतीत कमाल त्वरण ७.९ आहे, थोडं जास्त. मध्यावर ते गुळगुळीतपणे शून्यातून जातं, मात्र थांब्याला लागून असलेल्या दोन टोकांना उडी उरतेच. चौथा पर्याय सायक्लॉइडचा: कमाल त्वरण १० च्या घरात, सरळ रेघ सोडली तर सर्वांत जास्त, पण कुठेही उडी नाही. शून्यापासून चढतं, शून्यावर येतं. कागदावर हे शेवटचे तीन वक्र एकमेकांवर ठेवले तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही. दुसऱ्या बिंदूवर २२.२, २५ आणि १९.६ मिमी, एवढाच काय तो फरक. आणि यंत्र शांत चालेल की खडखडेल, ते त्या दोन-चार मिलिमीटरमध्ये असतं. म्हणून विस्थापनाच्या खाली वेगाचा आणि त्याच्या खाली त्वरणाचा आलेख काढायला सांगतात. तो कंटाळवाणा जोडधंदा नाही. खरी माहिती तिसऱ्या आलेखात असते.

मागासाठी सरल आवर्त गती निवडायचं कारण धाग्याशी जोडलेलं आहे. फट पूर्ण उघडलेली असते तेव्हा ताणा सर्वांत जास्त ताणलेला असतो. दोन्ही थर मधे एका पातळीला येतात तेव्हा सर्वांत सैल. ताणलेल्या धाग्याला हळू हलवावं, सैल धाग्याला झपाट्यानं. सरल आवर्त गती नेमकं हेच करते. विणकराचा पायही तेच करतो, फक्त त्याला कुणी आलेख काढून दिलेला नसतो.

वेग वाढला की मात्र गणित बदलतं. त्वरण वेगाच्या वर्गानं वाढतं. हाच माग १६० ऐवजी ३२० पिकनं चालवला तर ७.९ चे ३१.६ होतात. आता गाडीच्या इंजिनाकडे बघा. लाखनी तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे; महामार्गावरून धावणाऱ्या कुठल्याही ट्रकच्या डिझेल इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगानं फिरतो, मागाच्या बॉटम शाफ्टसारखाच. हिशेबापुरतं धरा: क्रँक ३००० फेऱ्यांवर, म्हणजे कॅम १५०० वर, उचल फक्त ९ मिमी, चढ ७० अंशांत. सरल आवर्त गती घेतली तर कमाल त्वरण सातशे तीसच्या पुढे जातं, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५ पट. इथे टोकाची उडी म्हणजे प्रत्येक फेऱ्याला हातोडीचा घाव. झडपेची स्प्रिंग रोलरला कॅमवर दाबून धरू शकली नाही तर फॉलोअर हवेत तरंगतो, आणि मग कॅमचा आकार कितीही सुबक असो, झडप स्वतःच्या मनानं उघडते-मिटते. म्हणून इंजिनांचे कॅम सायक्लॉइड किंवा त्याहून गुंतागुंतीच्या बहुपदी वक्रांवर काढले जातात.

महाराष्ट्रात असे कॅमशाफ्ट सोलापूरला तयार होतात. चादरींसाठी आणि कापडगिरण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात १९९२ साली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी उभी राहिली आणि देश-परदेशातल्या मोटारकंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवू लागली. विणकरांच्या गावात कॅम बनावेत हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

या सगळ्यात सर्वांत साधा कॅम राहून गेला. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांत चाळणी हलवायला इसेंट्रिक असतो: पूर्ण गोल चकती, भोक मात्र मध्यापासून बाजूला. त्याच्यावर सपाट तळाचा फॉलोअर टेकवला तर तो नेमकी सरल आवर्त गती देतो, एका केसाचाही फरक नाही. आलेख नको, किरण नकोत, फ्रेंच कर्व्ह नको. लेथवर तासाभरात होतो. फक्त त्याला थांबा देता येत नाही. चाळणीला थांबायचं नसतंच, म्हणून तिथे तो पुरतो. थांबा हवा असेल, तरच बाकीचा खटाटोप.

आता कारखान्यात कॅमचं प्रोफाइल कुणी हातानं काढत नाही. सीएनसी ग्राइंडरला प्रत्येक अंशाला किती उचल, असा तक्ता दिला जातो, आकडे मायक्रॉनमध्ये. तो तक्ता म्हणजे आपला विस्थापन आलेखच, रेघेऐवजी आकड्यांत. रोलरची वर्तुळं काढून आतून वक्र ओढण्याचं काम संगणक करतो. हालचाल कोणती हवी, थांबा किती, त्वरण कुठे उडी मारतंय, हे ठरवायचं काम मात्र माणसाकडेच आहे. तेव्हा परीक्षेत अजूनही सर्वांत जास्त गुण शेवटच्या सुबक आकाराला द्यावेत, हे मला पटत नाही. प्रश्नात निदान एक ओळ वाढवावी: यंत्र कुठलं, आणि शाफ्टचा वेग किती.

ज्यांच्याकडे कंपास आहे त्यांच्यासाठी एक काम. याच मापांचा टॅपेट सायक्लॉइडनं काढा. चढावरच्या उंची २.९, १९.६, ५०, ८०.४, ९७.१ आणि १०० मिमी घ्या, उतार तसाच उलटा. काढून झालं की शाफ्टच्या केंद्रातून कुठल्याही कोनात एक सरळ रेघ ओढा आणि रोलरच्या केंद्राच्या मार्गावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. ती प्रत्येक कोनात २५० मिमीच भरली पाहिजे. कुठे दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त आली, तर चूक त्याच किरणावर किंवा त्याच्या समोरच्या किरणावर आहे. खोडायला तेवढीच जागा पुरेल.